चार माईकची खोली आणि अकरा माईकचं भजन: इनपुट कसे वाढवावेत?

धुमा_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. माडीवरची १० बाय १२ ची खोली रेकॉर्डिंगसाठी केलेली आहे. इंटरफेस (माईकचा आवाज आकड्यांत करून लॅपटॉपला देणारा डबा) फोकसराइट स्कार्लेट १८आय८ (तिसरी पिढी), विंडोजचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर रीपर. पेटी, तबला आणि एक गायक एवढ्या कामाला चार माईक पुरतात. पण आता भजनी मंडळं विचारायला लागलीत आणि त्यांचा हिशोब असा बसतो: पखवाज २, तबला २, पेटी १, विणा १, बुवा १, मागे म्हणणारे २, टाळकरी २. झाले ११. गोंधळाची पार्टी आली तर संबळ २, तुणतुणं १, झांज १, मुख्य गोंधळी १, झीलकरी १. म्हणजे ६. माईकचे प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारे इनपुट) माझ्याकडे चारच.

डोक्यात चार वाटा आहेत. एक, स्कार्लेट २आय२ अजून एक घ्यायचा आणि दोन्ही एकाच लॅपटॉपला लावायचे. दोन, १२ चॅनलचा साधा मिक्सर घेऊन त्याचं स्टिरिओ आउटपुट इंटरफेसच्या दोन इनपुटात द्यायचं. तीन, मागच्या चौकोनी ऑप्टिकल भोकात काहीतरी जोडतात म्हणे, ते. चार, हा विकून १८आय२० घ्यायचा. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर हवं, ही अट सोडायची नाही. काय करावं?

कानसेन_लातूर

तिसरी वाट धरा. बाकीच्या तीन का नकोत ते आधी सांगतो, कारण दुकानात गेलात की नेमक्या त्याच गळ्यात मारतात.

दोन इंटरफेस एकत्र: विंडोजवर रीपर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि रीपर यांना जोडणारं सॉफ्टवेअर) उघडतो. एएसआयओफोरऑल वापरून दोन डबे एका नावाखाली आणता येतात, पण दोघांची घड्याळं वेगळीच राहतात. प्रत्येक इंटरफेसमध्ये एक क्रिस्टल असतो आणि तो सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजतो; एक मोजणी म्हणजे एक सॅम्पल. दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात. दोघांत दहा लाखांत २० एवढा फरक धरा, म्हणजे सेकंदाला जवळपास एक सॅम्पल इकडचा तिकडे. तासाभराच्या भजनात ३,४५६ सॅम्पल, म्हणजे ७२ मिलिसेकंद. तेवढ्यानं टाळ आणि पखवाज सरळ फाटलेले ऐकू येतात. मॅकवर 'अॅग्रीगेट डिव्हाइस' करून त्यात 'ड्रिफ्ट करेक्शन' लावता येतं, विंडोजमध्ये तशी सोय घरची नाही.

मिक्सरचं स्टिरिओ: अकरा माईक दोन ट्रॅकवर गोळा झाले की विषय संपला. टाळ जास्त वाजले तर नंतर कमी करता येणार नाहीत. तुमची अट इथेच मोडते.

१८आय२०: त्यात प्रीअँप ८. तुमचे माईक ११. म्हणजे विकून-घेऊनही तीन कमीच पडणार आणि शेवटी ऑप्टिकल भोकापाशीच यावं लागणार. मग आहे तो विकायचा कशाला?

आता ते चौकोनी भोक. त्याला एडॅट म्हणतात. अलेसिस कंपनीनं १९९१ मध्ये व्हीसीआरच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक रेकॉर्ड करणारं यंत्र आणलं, त्याच्या दोन यंत्रांना जोडणारी ही ऑप्टिकल तार. यंत्र कधीच मोडीत गेलं, तार टिकली. एका तारेतून ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला २४ बिटचे आठ चॅनल जातात. ८८.२ किंवा ९६ ला चारच जातात (या पद्धतीला एस-मक्स म्हणतात) आणि १९२ ला दोन. भजनाला ४८ भरपूर झालं, ९६ च्या नादी लागून चार चॅनल घालवू नका.

घ्यायचं काय, तर आठ माईक प्रीअँप आणि एडॅट आउटपुट असलेला एक्सपांडर. बेहरिंगरचा एडीए८२०० सगळ्यात स्वस्तातला आणि सहज मिळणारा. तो फक्त ४४.१ आणि ४८ वर चालतो, तुम्हाला तेवढंच हवंय. फोकसराइटचा स्कार्लेट ऑक्टोप्री, ऑडिएंटचा एएसपी८०० हे त्याच्या वरचे. प्रीअँपचा दर्जा चढत जातो हे खरं, पण टाळ-पखवाजाच्या आवाजाला गेन मुळात कमीच लागतो. महाग प्रीअँपचा फायदा विण्याला आणि हळू आवाजाच्या गायकाला. ती दोन माणसं इंटरफेसच्या स्वतःच्या प्रीअँपवर ठेवा, दणकट वाद्यं एक्सपांडरवर टाका.

तार: टॉसलिंक केबल, टीव्ही आणि साउंडबारला लावतात तीच. दोन्ही टोकांची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका, नवीन केबलवर ती पारदर्शक असते आणि लक्षात येत नाही. लांबी १ ते २ मीटर घ्या, ५ मीटरच्या वर जाऊ नका. टेबलाच्या कोपऱ्यावर काटकोनात दुमडली तर आतला प्लास्टिकचा धागा चरतो आणि अधूनमधून आवाज तुटतो. चालू आहे का बघायचं तर एक्सपांडर सुरू करून केबलचं दुसरं टोक तळहातासमोर धरा, लाल ठिपका दिसायला हवा.

जोडणी या क्रमानं करा:

१. एक्सपांडरच्या एडॅट आउटमधून केबल १८आय८ च्या ऑप्टिकल इनमध्ये. कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिकल भोकासाठी एसपीडीआयएफचा (दोनच चॅनल नेणाऱ्या दुसऱ्या डिजिटल पद्धतीचा) पर्याय दिसत असेल तर तो निवडलेला नाही ना बघा. भोक एकच असलं तरी भाषा दोन आहेत.

२. एक्सपांडरच्या मागचा क्लॉकचा स्विच 'मास्टर ४८' वर.

३. फोकसराइट कंट्रोलमध्ये सॅम्पल रेट ४८, क्लॉक सोर्स 'एडॅट'. 'लॉक्ड' असं दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

४. रीपरच्या ऑडिओ डिव्हाइसमध्ये फोकसराइटचा एएसआयओ, सॅम्पल रेट ४८०००, आणि पहिला इनपुट १ ते शेवटचा १८. हा आकडा आठवरच राहिला तर एडॅटचे चॅनल यादीत येतच नाहीत आणि लोक केबल बदलत बसतात.

५. ट्रॅकवर इनपुट निवडताना: १ ते ४ समोरचे माईक, ५ ते ८ मागचे लाईन, ९-१० एसपीडीआयएफ, ११ ते १८ एडॅट. एक्सपांडरचा माईक क्रमांक १ म्हणजे रीपरमधला इनपुट ११.

तिसऱ्या पायरीत इंटरफेस मागे चालतो आणि एक्सपांडर पुढे, हे उलटं वाटेल. पण १८आय८ ला एडॅट आउट नाही आणि वर्ड क्लॉकही (फक्त घड्याळ पाठवणारी वेगळी जोडणी) नाही, म्हणजे आपला ताल एक्सपांडरला सांगायला त्याच्याकडे तोंडच नाही. म्हणून ताल एक्सपांडरनं धरायचा आणि इंटरफेसनं साथ करायची. दोघंही 'इंटर्नल'वर ठेवले तर आवाज येतो, मीटर हलतात, सगळं ठीक वाटतं आणि दर सेकंदा-दोन सेकंदाला बारीक टिक्‌ ऐकू येते. वरचा जो एक सॅम्पलचा हिशोब, तीच ही टिक्‌.

याची एक कटकट आधीच सांगतो. एक्सपांडर बंद असेल आणि क्लॉक सोर्स एडॅटवरच राहिला असेल तर इंटरफेसला घड्याळच नाही. लॅपटॉपवरचं साधं गाणंसुद्धा वाजत नाही किंवा भेसूर वाजतं. घरी एकट्यानं काम करताना क्लॉक परत 'इंटर्नल'वर आणा. आणि मंडळ यायचं असेल त्या दिवशी आधी एक्सपांडर, मग इंटरफेस, मग रीपर.

फँटम (काही माईकना केबलमधूनच लागणारी वीज): स्वस्त एक्सपांडरवर आठही चॅनलला ४८ व्होल्ट एकाच स्विचनं लागतात. एसएम५८ सारख्या डायनॅमिक माईकला बॅलन्स्ड केबलवर त्यानं काही होत नाही. होतं कशाला, तर रिबन माईकला, आणि एक्सएलआरमधून (तीन पिनच्या माईक-जॅकमधून) आत दिलेल्या कीबोर्डच्या किंवा दुसऱ्या मिक्सरच्या आउटपुटला. अशी वाद्यं नेहमी पाव इंची लाईन इनपुटात द्या. सगळे माईक लावून झाल्यावर फँटम चालू करायचं, काढायच्या आधी बंद करायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं.

गोदाकाठ_नांदेड

कानसेनभाऊंचं सगळं बरोबर आहे, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. मंडळ तुमच्या माडीवर येणार, की तुम्ही मंदिरात जाणार?

१० बाय १२ च्या खोलीत सात-आठ माणसं, त्यात दोघांच्या हातात टाळ. अकरा माईक लावा नाहीतर पंधरा, प्रत्येकात टाळच येणार. उघडे माईक दुप्पट केले की खोलीचा, पंख्याचा आवाज ३ डीबीनं वाढतो तो वेगळाच. माझ्या मते त्या खोलीत सहा माईकच्या वर जाण्यात अर्थ नाही: पखवाज २, पेटी १, बुवा १, आणि टाळकरी व मागचे गायक यांच्यासमोर एक स्टिरिओ जोडी. टाळकऱ्यांना बुवांच्या माईकच्या पाठीमागच्या बाजूला बसवा. कार्डिऑइड माईक पाठीकडून सगळ्यात कमी ऐकतो. दोन माईकमधलं अंतर, प्रत्येक माईक आपल्या वाद्यापासून जेवढा लांब त्याच्या तिप्पट तरी ठेवा. माईक वीतभर अंतरावर असेल तर शेजारचा माईक तीन विती लांब. त्या खोलीत हे किती जणांना जमेल ते मोजून बघा.

सहाच हवे असतील तर एक्सपांडरसुद्धा लगेच नको. तुमच्या १८आय८ च्या मागे चार लाईन इनपुट रिकामे पडलेत, ५ ते ८. कोणत्याही साध्या अॅनालॉग मिक्सरवर, जिथे चॅनलला 'इन्सर्ट'चा जॅक (चॅनलचा सिग्नल मधूनच बाहेर काढून परत आत द्यायचं भोक) आहे, तिथून प्रत्येक माईक वेगळा बाहेर काढता येतो. टीआरएस प्लग (टोक म्हणजे टिप, मधली कडी रिंग, मागचा भाग स्लीव्ह) घ्यायचा, त्यात टिप आणि रिंग एकमेकांना झाळून एक करायचे, स्लीव्ह शील्डला. दुसऱ्या टोकाला साधा मोनो प्लग. हा इन्सर्टमध्ये पूर्ण दाबला की सिग्नल मिक्सरमध्येही चालू राहतो आणि एक प्रत इंटरफेसला जाते. नुसता मोनो प्लग पहिल्या 'टक्‌'पर्यंत अर्धाच खुपसणारे लोक असतात; चालतं, पण कुणाचा पाय लागला की चॅनल गेला. इन्सर्ट हा बहुतेक मिक्सरवर फेडर आणि ईक्यूच्या आधी असतो, त्यामुळे लेव्हल गेनच्या खुंटीनंच बसवायची, फेडरचा रेकॉर्डिंगवर परिणाम नाही. ही केबल बॅलन्स्ड नसते, २-३ मीटरमध्येच ठेवा.

आणि मंदिरातच जाणार असाल तर रॅकमध्ये इंटरफेस, एक्सपांडर, त्यांच्या दोन पॉवर केबल, ऑप्टिकल, क्लॉकची भानगड हे सगळं सप्ताहाच्या मांडवात नेण्यापेक्षा बेहरिंगर एक्सआर१८ सारखा एक डबा न्या. १६ माईक प्रीअँप, यूएसबीवरून १८ चॅनल लॅपटॉपला, घड्याळ एकच. वर फेडर नाहीत, सगळं टॅबवरून चालतं, आणि वेगवेगळे ट्रॅक घ्यायला लॅपटॉप लागतोच. ४४.१ आणि ४८ एवढंच. पण त्याच डब्यातून मांडवाचा साउंडही चालवता येतो.

कानसेन_लातूर

@गोदाकाठ, खोलीबद्दल पटलं, टाळाबद्दल तर पूर्ण पटलं. पण इन्सर्टच्या वाटेनं एकूण आठच होतात, आणि गोंधळाचे सहा झाले की उद्या कुणी हलगी घेऊन येणारच. ज्याच्याकडे एडॅटचं भोक आधीच आहे त्यानं ते वापरावं. एक्सआर१८ ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी.

नवखा_परभणी

मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे १८आय२० आणि एडीए८२०० आहे. ऑप्टिकल केबल एकच लावली आहे, एक्सपांडरकडून इंटरफेसकडे. क्लॉक इंटरफेसवर 'इंटर्नल', एक्सपांडरवर 'एडॅट इन'. इंटरफेसचे आठ चॅनल स्वच्छ, एक्सपांडरच्या आठांवर टिक्‌-टिक्‌. केबल बदलली, तेच.

कानसेन_लातूर

केबल चांगली आहे, एक कमी आहे. एक्सपांडरला तुम्ही सांगितलंय की एडॅट इनवरून घड्याळ घे, पण त्या भोकात काही लावलेलंच नाही. मग तो आपल्याच मनानं चालतो.

१८आय२० ला एडॅट आउट आहे, त्यामुळे तुम्हाला दोन वाटा. दुसरी टॉसलिंक इंटरफेसच्या आउटमधून एक्सपांडरच्या इनमध्ये टाका. क्लॉक आहे तसंच ठेवा, इंटरफेस पुढे, एक्सपांडर मागे. किंवा एकाच केबलवर भागवायचं तर एक्सपांडर 'मास्टर ४८', इंटरफेस 'एडॅट'. मी पहिली वाट घेईन, म्हणजे एक्सपांडर बंद असतानाही इंटरफेस नेहमीसारखा चालतो. दुसऱ्या केबलचा अजून एक फायदा: एडीए८२०० च्या मागची आठ आउटपुट हाताशी येतात, वादकांना वेगवेगळे हेडफोन मिक्स देता येतात.

आणि सॅम्पल रेट तिन्ही ठिकाणी एक आहे ना बघा: एक्सपांडरचा स्विच, इंटरफेस, रीपर. एक्सपांडर ४४.१ ला मास्टर आणि प्रोजेक्ट ४८ ला असेल तर बरेच इंटरफेस लॉकच होत नाहीत, ते बरं. पण एखादी जोडणी गुपचूप ४४.१ च्या मागे जाते आणि फाईलवर शिक्का ४८ चा बसतो. ती फाईल नंतर नीट ४८ ला वाजवली की ८.८ टक्के जलद आणि जवळजवळ दीड अर्धस्वर वर. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध कुठेतरी लटकतो, पेटीवर तो सूर सापडतच नाही. असं कुणी सांगितलं की आधी सॅम्पल रेट बघायचा, पेटी नाही.

धुमा_अंबाजोगाई

एक्सपांडर घेतला, 'लॉक्ड' झालं, १८ चॅनल दिसतात. धन्यवाद. दोन गोष्टी अडल्यात. लाईट असताना सगळं शांत, इन्व्हर्टरवर गेलं की सगळ्या चॅनलवर 'घूंऽऽ' सुरू होतं. आणि लाईट जाते-येते त्या क्षणी एक्सपांडरचे चॅनल मेल्यासारखे होतात, रीपर थांबतं. दुसरं, पखवाजाचा धुमा (डावी, खर्जाची बाजू) इंटरफेसच्या माईकवर आणि शाईची बाजू एक्सपांडरवर आहे. वेगवेगळे ऐकले तर छान, एकत्र केले की खालचा दम जातो.

तारजोड_जालना

लाईटचं मी सांगतो.

आधी लाईट गेल्यावर चॅनल का मरतात ते. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना मधे क्षणभराची फट पडते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला कळतही नाही. एक्सपांडर मात्र त्या फटीत बंद होऊन परत सुरू होऊ शकतो. आणि तुमच्या जोडणीत घड्याळच त्याच्या हातात आहे, म्हणून सगळं पथक थांबतं. इन्व्हर्टरच्या मागे किंवा समोर 'यूपीएस मोड' आणि 'नॉर्मल' (काहींवर 'इको') असा स्विच असतो. यूपीएस मोडवर टाका, फट बरीच लहान होते. पण यूपीएस मोड व्होल्टेजच्या बाबतीत नखरेल असतो, साधारण १८० च्या खाली गेलं की बॅटरीवर उडी मारतो. उन्हाळ्यात संध्याकाळी पंप चालू झाले की गावाकडे १८० च्या खाली जाणं काही नवलाचं नाही, मग रात्रभर बॅटरीच खाणार. त्यापेक्षा एक्सपांडर आणि इंटरफेस या दोघांपुरता कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस मधे लावा. दोघं मिळून फार वीज खात नाहीत. दोघं एकाच यूपीएसवर हवेत, एक यूपीएसवर आणि एक भिंतीवर असं नको.

घूंऽऽ: इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा, लेबलवर लिहिलेलं असतं. स्क्वेअर वेव्हच्या चौकोनी लाटेत ५० हर्ट्झच्या वरचे १५०, २५०, ३५० असे थर भरलेले असतात, ते ट्रान्सफॉर्मरमधून आणि केबलवरून आत झिरपतात. त्यावर फिल्टर शोधू नका, प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच इलाज.

साइन वेव्हचा असूनही आवाज असेल तर अर्थिंग. मल्टिमीटर एसीवर लावून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या, लाईटवर एकदा आणि इन्व्हर्टरवर एकदा. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ १ ते ३ व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ १०-१५ दाखवत असेल किंवा फेज-अर्थ एकदम कमी असेल तर अर्थिंग नावालाच आहे. आपल्याकडे हे एप्रिल-मेमध्ये हमखास होतं. काळी माती वाळली की भेगाळते आणि प्लेटपासून सुटते. तुमच्या बालाघाटाच्या बाजूला तर हातभर खाली खडकच, खड्डा पुरेसा खोल गेलेलाच नसतो. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का बघा आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. घरमालक हसतील, हसू द्या.

एवढं करून कोणता डबा आवाज आणतोय ते शोधायचं तर लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर दोषी अडॅप्टर. ऑप्टिकल केबलवर मात्र संशय घेऊ नका, त्यात तांबं नाही, त्यातून घूं येऊच शकत नाही. सगळे डबे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. आणि आवाज घालवायला तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याला माईकला हात लावायला सांगा.

गोदाकाठ_नांदेड

पखवाजाचा दम जाण्याची दोन कारणं आहेत आणि तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत.

पहिलं, उलटसुलट दिशा. शाईवर थाप पडली की ते कातडं आत जातं, आतली हवा दाबली जाते आणि धुम्याचं कातडं बाहेर येतं. एक माईक हवा ओढली म्हणतो, दुसरा ढकलली म्हणतो. एकत्र केले की खालचे सूर एकमेकांना खातात. रीपरमध्ये एका ट्रॅकवर फेज उलटायचं बटण दाबा, गोल आणि तिरकी रेघ असलेलं. दम परत आला तर तसंच ठेवा. आणखी कमी झाला तर परत सरळ करा, कारण मग एखादी केबल आधीच उलटी झाळलेली आहे. गावात झाळून घेतलेल्या एक्सएलआरमध्ये पिन २ आणि ३ ची अदलाबदल नेहमीची. मल्टिमीटरच्या बीपवर तपासा: १ ला १ शील्ड, २ ला २, ३ ला ३. मोठ्या कामाआधी सगळ्याच केबल एकदा बघून घ्या.

दुसरं, उशीर. इंटरफेसचा कन्व्हर्टर वेगळा, एक्सपांडरचा वेगळा, आणि आवाजाचे आकडे करायला दोघांना लागणारा वेळ थोडा वेगळा. समजा फरक २० सॅम्पलचा निघाला, म्हणजे ०.४२ मिलिसेकंद, हवेतलं १४ सेंटिमीटर अंतर. वेगवेगळ्या वाद्यांना त्यानं काही फरक पडत नाही. पण एकाच वाद्याचे दोन माईक असे विभागले की १२०० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो आणि पुढे ओळीनं पडत जातात. म्हणून नियम सोपा: पखवाजाचे दोन्ही, तबल्याचे दोन्ही, संबळाचे दोन्ही, टाळकऱ्यांची जोडी, हे सगळं जोडीनं एकाच डब्यात. तुमच्या अकरात इंटरफेसवर बुवा, विणा, पेटी आणि मागच्यांपैकी एक. बाकी सात एक्सपांडरवर. मागे म्हणणारे दोघं वेगळे माणूस, वेगळे माईक, त्यांना विभागलं तरी चालतं.

तरी मोजून ठेवायचं असेल तर इंटरफेसच्या लाईन आउटपुट ३ मधून एक क्लिक बाहेर काढा, वाय केबलनं ती मागच्या लाईन ५ ला आणि एक्सपांडरच्या लाईन इनपुटला एकाच वेळी द्या, दोन्ही रेकॉर्ड करा. रीपरमध्ये भरपूर मोठं करून दोन शिखरांमधले सॅम्पल मोजा. जो डबा पुढे असेल त्याच्या ट्रॅकवर 'टाइम अॅडजस्टमेंट' प्लगइननं तेवढे सॅम्पल उशीर घाला. वाय केबलनं एका आउटपुटचे दोन इनपुट करता येतात. दोन आउटपुट एका इनपुटात कधीही नाही.

धुमा_अंबाजोगाई

पखवाज सुधारला, एक बटण दाबलं आणि दोन्ही माईक एका डब्यात आणले. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचाच आहे. शेवटचं एक: दीड-दोन तासांचं भजन सलग घ्यायचं तर लॅपटॉप धरेल का? डिस्कवर जागा किती लागेल?

कानसेन_लातूर

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी, तासाला ५१८ एमबी. अकरा ट्रॅक तासाला ५.७ जीबी, दोन तासांना साडेअकरा. ३० जीबी रिकामी असू द्या. यूएसबीवर एवढा भार काहीच नाही, १८ चॅनल मिळून सेकंदाला २१ मेगाबिटसुद्धा होत नाहीत आणि यूएसबी २ ची वाट ४८० ची आहे. अडतं ते दुसरीकडे: हबमधून लावलेला इंटरफेस, वाय-फाय, आणि बॅटरी वाचवायच्या नादात झोपणारं विंडोज. इंटरफेस थेट पोर्टला, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स', वाय-फाय बंद. बफर (लॅपटॉप एका वेळी गोळा करून हाताळतो तेवढे सॅम्पल) ५१२ ठेवा. वादकांना ऐकवायचं ते फोकसराइट कंट्रोलच्या मिक्समधून थेट द्या, म्हणजे बफर मोठा असला तरी कानाला उशीर लागत नाही. त्या मिक्समध्ये एडॅटचे चॅनल हातानं आणावे लागतात, नाहीतर पखवाजवाल्याला स्वतःचा पखवाज हेडफोनमध्ये येत नाही आणि तो जोरात वाजवत सुटतो.

प्रत्येक ट्रॅकची वेगळी मोनो फाईल ठेवा. अकरा चॅनल एकाच वेव्ह फाईलमध्ये घेतले तर ४ जीबीची मर्यादा साधारण ४५ मिनिटांत गाठली जाते. तसं घ्यायचंच असेल तर रीपरच्या सेटिंगमध्ये मोठ्या फाईलसाठी आरएफ६४ निवडा.

लेव्हल: सगळ्यांना गजराच्या शेवटच्या, सगळ्यात जोराच्या आवर्तनासारखं वाजवायला सांगून शिखरं −१२ डीबीच्या आसपास बसवा. चाचणीला मंडळी नेहमी हळू वाजवतात, खऱ्या गजरात टाळ ६ डीबीनं तरी चढतात. टाळाच्या ट्रॅकला −१८ दिलंत तरी चालेल.

तारजोड_जालना

आणि एक्सपांडर रॅकमध्ये इंटरफेसला चिकटवून लावू नका. हे डबे चांगलेच तापतात, त्यात मे महिन्यात माडीवरची पत्र्याखालची खोली. वर-खाली एकेक खण मोकळा सोडा आणि आवाज नको म्हणून पंखा बंद केलात तरी दोन अभंगांच्या मधे लावत जा.

धुमा_अंबाजोगाई

पत्राच आहे. रॅक उद्या खोलतो.

नवखा_परभणी

दुसरी टॉसलिंक लावली, टिक्‌ गेली. हेडफोनसाठी ती मागची आठ आउटपुट वापरायची तर सरळ हेडफोन लावता येतात का?

कानसेन_लातूर

नाही. ती लाईन लेव्हलची एक्सएलआर आउटपुट आहेत, हेडफोनला पुरेसा जोर मिळत नाही. मधे चार चॅनलचा हेडफोन अॅम्प्लिफायर घ्या. प्रत्येक चॅनलला वेगळं इनपुट असलेला बघून घ्या, नाहीतर चौघांना एकच मिक्स जाईल.